उत्तरेची भिंत

“तिथे खिडकी नको,” मेरिऍन म्हणाली आणि तिने थॅडियस गॅडसनच्या हातून पेन्सिल काढून घेतली.

ट्रकच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या होत्या, त्याही थॅडियसच्याच जुन्या घराच्या. मागच्या वादळात समुद्र गल्लीत शिरला, घराचा पाया खचला आणि उरलेलं पाडावं लागलं. आता प्लॉट मोकळा होता. मेरिऍन घरांचे नकाशे काढायची. तिने तीन आणले होते, तिन्ही आमच्या चार्ल्सटन शहराच्या जुन्या चालीचे. एका खोलीच्या रुंदीचं लांबट घर, अरुंद बाजू रस्त्याकडे, दक्षिणेला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओसरी, आणि सगळं विटांच्या खांबांवर, म्हणजे पाणी आलं तर खालच्या खाली निघून जाईल. थॅडियसने पहिलाच पसंत केला. मग त्याने पेन्सिल मागून घेतली आणि उत्तरेच्या कोऱ्या भिंतीवर एक चौकोन काढला.

“मिस्टर थॅडियस, तुम्ही इथलेच ना? उत्तरेच्या भिंतीला खिडकी ठेवत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायचं?”

“हवा येईल जरा.”

“उन्हाळ्यात? उत्तरेकडून? जन्म घालवलात बंदरात बोट चालवण्यात, आणि वारा कुठून येतो ते विसरलात?”

थॅडियस नुसता हसला. हसण्यात काही दम नव्हता.

आमच्या गल्लीत प्रत्येकाची ओसरी दक्षिणेला, म्हणजे शेजाऱ्याच्या उत्तरेच्या भिंतीसमोर. त्या भिंतीला खिडकी ठेवायची नाही. मग शेजारी ओसरीवर बनियनवर बसो की बायकोशी भांडो, बघणारं कोणी नाही. ही इथली रीत. पोरं बोलायला शिकायच्या आधी ती शिकतात. फार सभ्य माणसं आम्ही! जन्मभर एकमेकांच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसतो.

त्यात थॅडियसच्या उत्तरेला घर होतं मिस युलाली सिमन्सचं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, अर्ध्या गल्लीचे कान पिळलेली बाई. मागच्या गल्लीत एकाने तिच्या बाजूला न्हाणीघराची खिडकी काढली, तर तिने त्याला चर्चमध्ये पाद्र्यासमोर असा सोलला की सोमवारी गवंडी येऊन ती बुजवून गेला. थॅडियसचं आणि तिचं वर्षानुवर्षांचं बोलणं म्हणजे फाटकाशी “गुड इव्हनिंग” एवढंच. घर पडल्यापासून तिची ओसरी या प्लॉटवरून सरळ दिसायची. तिथे मिस युलाली बसलेली असायची, इथे थॅडियस उभा असायचा, आणि रीतीप्रमाणे दोघंही दुसरं माणूस नसल्यासारखं वागायची.

खरी गोष्ट हवेची नव्हतीच. बायको, व्हर्डेल, गेल्यावर थॅडियसला घर खायला उठायचं. मुलगी अटलांटात. दक्षिणेच्या शेजारचं घर पर्यटकांना भाड्याने जायचं. दर शनिवारी नवी माणसं, नवी कुत्री. संध्याकाळी तो उत्तरेच्या भिंतीला आतून खुर्ची टेकवून बसायचा. पलीकडे मिस युलालीची झुलती खुर्ची कुरकुरायची. दिवसभरात माणूस जवळ असल्याची तेवढीच खूण. ती उठून आत गेली की तो जेवायला उठायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून लोकांनी हसावं, एवढंच झालं असतं.

“डॅडी, विका तो प्लॉट आणि या इकडे,” मुलगी दर रविवारी म्हणायची. गिऱ्हाईकही तयार होतं. थॅडियसने मनाशी पक्कं केलं होतं, खिडकी झाली तर घर, नाही तर अटलांटा. त्या कोऱ्या भिंतीआड एकट्याने मरायची त्याची तयारी नव्हती.

“शेजारणीची हरकत नसेल तर काढते मी,” मेरिऍन म्हणाली. “पण विचारायला तुम्ही जा. सातवीत मला त्याच होत्या. अजून घाम फुटतो.”

थॅडियसने शेजारच्या ओसरीकडे पाहिलं. झुलती खुर्ची थांबली होती.

“राहू दे,” तो म्हणाला. “गुंडाळ तो नकाशा. मी मुलीकडेच जातो.”

पण तोवर काठी टेकत मिस युलाली जिना उतरून आली होती. मोकळ्या प्लॉटवर सगळं बोलणं ऐकू जातं. तिने कोणाला काही विचारलं नाही. सरळ ट्रकपाशी आली, चष्मा नाकावर चढवला आणि नकाशावर वाकली.

“ही खिडकी?”

“चुकलं, मिस युलाली,” थॅडियसने टोपी काढली. “म्हातारचळ लागलाय मला. होत नाहीये ती.”

“मी काय विचारलं? ही खिडकी ना?”

“हो, मॅडम.”

“माझ्या ओसरीकडे उघडणारी?”

“हो, मॅडम.”

तिने मेरिऍनपुढे हात केला. मेरिऍनने मुकाट्याने पेन्सिल दिली, वर्गात द्यायची तशीच. मिस युलालीने पेन्सिल उलटी धरली आणि मागच्या रबराने तो चौकोन घासून घासून साफ खोडला. कागदावरची भुकटी फुंकून टाकली. थॅडियसने मान खाली घातली. सगळं आयुष्य या गल्लीत काढून शेवटी असं तोंड लपवत निघायचं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

मिस युलालीने पेन्सिल सुलटी केली. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, पट्टी न लावता, पहिल्याच्या दुप्पट मोठा एक चौकोन काढला.

“तिथून तुम्हाला नुसता माझा जिना दिसला असता,” ती म्हणाली. “मी बसते या टोकाला.”