दिवे लागल्यावर

भुताचा पिक्चर सुटला की झाडू घेऊन थिएटरात पहिली शिरते ती मी. खुर्चीखाली ओकारी, पेला ठेवायच्या खाचेत पोराचं भरलेलं डायपर, हात टेकायच्या दांडीखाली कोणीतरी चघळून चिकटवलेलं च्युइंगम. शी! ही माणसं स्वतःच्या घरी कशी राहत असतील, देव जाणे.

सुट्टीच्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, त्या थिएटरातल्या घाणीत कशाला जायचं? पिक्चर घरीच बघू." भरदुपारी पडदे ओढले. भूत आलं की मुलगा, सून, आमचे हे, सगळे किंचाळत होते. मी आपली ढिम्म.

"आई, तुम्हाला भीती नाही वाटत?" सुनेनं विचारलं.

"पिक्चर चालू असताना नाही गं. दिवे लागले की वाटते."

सगळे खदाखदा हसले.

पिक्चर संपला, सुनेनं दिवा लावला. सोफ्याच्या फटीत चोखलेली हाडं खोचलेली, उशीला तेलकट बोटं पुसलेली, ह्यांच्या चहाच्या कपात थुंकी.

सून कप उचलायला वाकली, तसा मुलगा जांभई देत तिला म्हणाला, "तू राहू दे गं. आईला सवय आहे."