पाला आणि चूर्ण

सकाळी नऊ वाजता तिने इन्क्युबेटर उघडला आणि दोन प्लेट बाहेर काढल्या.

पहिलीवर प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ते साधे जंतू होते. मधोमध अर्कात भिजवलेली कागदाची चकती आणि तिच्याभोवती स्वच्छ, गोल, मोकळी जागा. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. दुसऱ्या प्लेटवरचे जंतू तिच्या मुलाच्या रक्तातले. ते थेट चकतीच्या कडेला भिडले होते.

मुलगा सहा वर्षांचा होता आणि रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात होता. लघवीच्या संसर्गाचं निमित्त झालं आणि जंतू रक्तात शिरले. एकामागून एक औषधं बदलली गेली, ताप हटला नाही. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "याला आधी अँटिबायोटिक किती दिलीत?"

"एकही नाही. जन्मापासून गोळी माहीत नाही त्याला."

"कमाल आहे. असे जंतू औषधं खाऊन खाऊन निर्ढावलेले असतात." मग त्यांनी विषय बदलला.

अर्क तिच्या वडिलांच्या चूर्णाचा होता. वडील झाडपाल्याची औषधं देत. त्यांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती होती. डॉक्टरांचे उंबरे झिजवून थकलेले लोक शेवटी त्यांच्या दुकानात येत आणि बरे होऊन जात. तिने मात्र आयुष्यभर या औषधांची टर उडवली होती. मुलाचं तिसरं औषध फसलं त्या दिवशी तिनेच दुकानातून चूर्णाची पुडी मागून आणली.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर वडील बसले होते. जावई आत मुलापाशी होता.

"काय म्हणतात तुझ्या ताटल्या?"

"साधे जंतू मेले. त्याचे नाही मेले, अण्णा."

"म्हणजे औषधात दम आहे."

"आहे."

"कॉलेजात असताना पालापाचोळा म्हणायचीस."

"आता नाही म्हणत."

वडील हसले नाहीत. "अर्क अजून कडक कर," ते म्हणाले. "आमटी पातळ झाली म्हणून कोणी डाळीला नावं ठेवत नाही."

तिलाही तेच सुचलं होतं. संध्याकाळी वडिलांनी परसातला ताजा पाला पिशवी भरून आणला. देठ खुडून, पानं धुऊन, त्यांनी स्वतः तिच्या हाती दिली. तिने अर्क काढला, आटवला, दाट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्लेट पाहिल्या. ताज्या पाल्याने काहीच मारलं नव्हतं. मुलाचे जंतू तर नाहीतच, साधेसुद्धा नाहीत.

तिने दुसरी चाचणी लावली. तिच्यात एक जांभळं द्रावण असतं. अर्कात अँटिऑक्सिडंट असले की ते फिकं पडत पिवळं होतं. ताज्या पाल्याचा थेंब पडताच ते पिवळं झालं. चूर्णाच्या नळीत जांभळं ते जांभळंच राहिलं.

एकाच झाडाची पानं. ताज्यात हा गुण, वाळलेल्यात तो. तिने स्वतःची समजूत घातली: वाळवताना काही द्रव्यं नासतात, काही नवी तयार होतात. तसं असेल तर ते नवं द्रव्य वेगळं काढता येईल, हवं तेवढं तीव्र करता येईल. तेवढ्या आशेवर तिने दुपारचं जेवण केलं.

"चूर्ण कसं करता ते नीट सांगा," तिने बाकावर बसत विचारलं.

"सावलीत वाळवायचं. कुटायचं. कपड्यातून गाळायचं."

"उष्णता देता? काही मिसळता?"

"तू काय माझी तोंडी परीक्षा घेतेस? हाताचा गुण असतो तो."

"हाताचा गुण प्लेटवर मोजता येत नाही, अण्णा."

"नसेल येत. दात यायच्या आधीपासून रोज मधातून चूर्ण चाटवतोय तुझ्या पोराला. कधी शिंकला तरी का?" एवढं बोलून ते वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिले. आत कोणीतरी सलाइन बदलत होतं.

चूर्णाचा नमुना तिने खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे दिला. मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून ओळखणारं यंत्र तिच्या ताब्यात होतं. चहाच्या वेळेला मैत्रीण स्वतःच वर आली.

"बस जरा."

"उभीच बरी आहे. सांग."

"पाला आहे यात, अगदीच नाही असं नाही. पण जंतू मारतंय ते पाल्यातलं नाही. कुटलेली गोळी आहे. अँटिबायोटिक. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते."

मैत्रिणीने नाव सांगितलं. मुलाला वॉर्डात सगळ्यात आधी सुरू करून सगळ्यात आधी बंद केलेलं औषध तेच होतं.

ती रस्ता ओलांडून वॉर्डाशी आली. वडील बाकावरच होते. ती शेजारी बसली. आवाज चढवला नाही.

"गोळ्या कधीपासून घालता?"

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "नुसत्या पाल्याने कोणाचा ताप उतरलाय? लोकांना गोळी नको असते, गुण हवा असतो. मी थोडी थोडी मिसळतो. कोणाचं वाईट झालं नाही."

"ते दुकानातलं झालं. घरी याच्यासाठी करता ते?"

"त्याची बरणी वेगळी असते."

तिने भिंतीला डोकं टेकलं आणि श्वास सोडला.

"नातवाला लोकांसारखं चिमूटभर कसं घालू?" वडील म्हणाले. "त्याच्या बरणीत मी दुप्पट घालतो."