आगीचं प्रकरण

नेहमी वाचणाऱ्या बाईंचा घसा बसला होता, म्हणून त्या दुपारी कादंबरी डोन्या एस्तेलितांच्या हातात आली.

चर्चच्या आवारातल्या सभागृहात जपमाळ झाली की बायका थोडा वेळ बसायच्या. आल्याचा चहा, तांदळाच्या पिठाचा गरम केक, बिबिंगका, आणि मग वाचन. कादंबरी स्पॅनिश अमदानीतली. एके काळी ती घरात सापडली तर माणूस तुरुंगात जायचा. आता शाळेतली पोरं परीक्षेपुरती वाचायची. बायकांना मात्र तिच्यातला पाद्री आणि गावचा कप्तान भारी आवडायचे. पाद्र्यानं तोंड उघडायच्या आधीच त्या हसायला लागायच्या.

"आज कुठलं?" डोन्यांनी चष्मा चढवला.

"आगीचं प्रकरण," कुणीतरी म्हणालं आणि लगेच गप्प झालं.

डोन्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या मेयरच्या आई. आवाज खणखणीत, रविवारी मिस्साला शास्त्रवाचन त्याच करायच्या. तसाच आवाज लावून त्यांनी सुरुवात केली. कप्तानाला किनाऱ्यावरची जागा हवी असते. कोळी हलायला तयार नसतात. एका संध्याकाळी वारा सुटतो आणि झोपड्या पेटतात. पाद्री प्रवचनात सांगतो, मिस्सा चुकवणाऱ्यांचं असंच होतं, ही देवाची शिक्षा. आणि कप्तान मरियामातेला सोन्याचा मुकुट वाहतो.

या वेळी कुणी हसलं नाही.

शेवटच्या बाकावर आलिंग पासिंग बसली होती. ईस्टरच्या आधी किनाऱ्यावरच्या झोपड्या जळाल्या, त्यात तिचीही होती. तेव्हापासून ती शाळेच्या एका वर्गात जमिनीवर झोपत होती. जळालेल्या जागेवर मेयरनं नव्या बाजाराची पाटी ठोकली होती, आणि चर्चला नवं छप्पर घालून दिलं होतं.

"गावातल्या एका विधवेनं," डोन्या वाचत होत्या, "कप्तानाच्या गाडीवानाला मशाल घेऊन जाताना पाहिलं होतं. तिनं..."

त्यांचा आवाज अडला. ईस्टरआधीच्या त्या आगीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या गाडीत रॉकेलचा वास येत होता. ड्रायव्हरला गाडी धुवायला त्यांनीच सांगितलं होतं. वास कसला, ते विचारलं नव्हतं.

दाराशी उभे असलेले फादर गॅस्पर पुढं आले. "डोन्या, हे राहू द्या. फार लांबलंय हे प्रकरण. पुढचं लग्नाचं घ्या, हसून हसून पोट दुखेल."

"या विधवेचं पुढं काय होतं, फादर?"

"जुन्या काळच्या गोष्टी हो त्या." फादर हसले. "तेव्हाचे ते पाद्री, तेव्हाचे ते कप्तान. आता कुठं राहिलंय तसं काही?"

"ती जाऊन पाद्र्याला सांगते, डोन्या," पासिंग मागून म्हणाली. "कन्फेशनला जाते तेव्हा. तो म्हणतो, बाई, गप्प राहा. सोसणाऱ्याला स्वर्ग मिळतो."

डोन्यांनी मान वर केली. "तू वाचलंयस हे?"

"छे हो. मी कुठली पुस्तकं वाचतेय!"

ती फादरांकडे बघत होती. फादर जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"पासिंग," डोन्या हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला पाहिलंस तू?"

"जाऊ दे, डोन्या. वाचता वाचता तुमचा आवाज अडला ना, तिथंच कळलंय तुम्हाला."

डोन्यांनी उघडंच पुस्तक मांडीवर ठेवलं. मग त्यांनी पर्समधून फोन काढला.

"बोयेत, सभागृहात ये. नाही, मी बरी आहे. मीटिंग असू दे. ये."

बायकांची चुळबुळ सुरू झाली. कुणी डबे आवरायला लागलं, कुणी छत्री शोधायला.

"बसा," डोन्या म्हणाल्या. "कुणी उठायचं नाही."

"मला जरा एका आजाऱ्याकडे जायचं होतं," फादर म्हणाले.

"तुम्हीसुद्धा, फादर."

समोर त्यांच्यासाठी गादीची खुर्ची होती. तिच्याकडे फादरांनी एकदा पाहिलं, मग ते चालत मागं गेले. पासिंग बाकावर थोडी सरकली. ते तिच्या शेजारी बसले.

मेयर बोयेत आला तो सगळ्यांकडे बघून हसतच. "काय मावश्यांनो, मला न बोलावताच बिबिंगका संपवली?" तो आईसमोर वाकला, तिचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायला. डोन्यांचे दोन्ही हात पुस्तकावर होते. त्यांनी ते उचलले नाहीत. तो क्षणभर तसाच वाकून राहिला, मग सरळ झाला.

"आई, काय झालंय?"

डोन्यांनी पुस्तक त्याच्याकडे केलं. ओळीवर बोट ठेवलं. "इथून वाच. मोठ्यानं."

त्यानं ती ओळ मनातल्या मनात वाचली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं समोरच्या बायकांकडे पाहिलं, शेवटच्या बाकाकडे पाहिलं, आणि सवयीनं त्याची नजर माइक शोधू लागली.

"माइक नकोय, बाळा," डोन्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्या जवळच बसलोय."