विजयाच्या मिरवणुकीचा फोटो

युद्ध जिंकल्याला वर्ष झालं, म्हणून फोटोग्राफरने स्वतःच काढलेला विजयाच्या मिरवणुकीचा फोटो पुन्हा छापायला घेतला.

रसायनात बुडवलेल्या कागदावर मिरवणुकीचा चौक हळूहळू उमटला. खांबांवर शत्रूचे झेंडे होते. माणसं माना खाली घालून उभी होती. या फोटोत आपण हरलो होतो.

आणि गर्दीत त्याचा थोरला भाऊ उभा होता, शेवटच्या लढाईत मारला गेलेला.

त्याने ओला कागद आईपुढे धरला. "दादाच आहे ना गं?"

"माझंच लेकरू ते."

दादाच्या शेजारी आईही होती. तिच्या छातीशी काळ्या चौकटीतली, हार घातलेली तसबीर होती. धाकट्याची. त्याची स्वतःची.

त्याने तसबिरीवर बोट ठेवलं. आईने कागद जवळ ओढून घेतला. मग त्याच्याकडे न पाहता हळूच म्हणाली, "अजून एक छाप. जरा मोठा."