श्राद्धाची लाइन

डॅलसच्या यजमानाच्या हातात पिंड तसाच राहिला आणि पडदा गोठला. इकडे तंजावरात तुळजारामशास्त्री ओरडत राहिले, "दर्भावर ठेवा, दर्भावर!" पलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नाही.

परदेशातल्या मुलांकडून त्यांच्या आईबापांची श्राद्धं इंटरनेटवरून करवून घेणं, हाच आता शास्त्रीबुवांचा धंदा होता. पण गल्लीतल्या केबलवाल्याची लाइन नेमकी मंत्राच्या मध्यात दगा द्यायची. यजमान एकेक करून गळत चालले होते. असंच चाललं तर चूल पेटायची नाही.

म्हणून आज नव्या कंपनीची हरिता समोर येऊन बसली होती. तिने तमिळमध्ये गोडीगोडीने समजावलं. टीव्हीच्या केबलवरून येणारं इंटरनेट सिनेमा बघायला ठीक, पण इकडचं चित्र तिकडे पाठवायला कच्चं. आमची लाइन दोन्हीकडे सारखीच धावते. शास्त्रीबुवांना पटलं. सही करायला त्यांनी चष्मा चढवला, तोच टोरांटोहून प्रद्युम्नचा फोन आला.

एकुलता एक मुलगा. वर्षातून एकदा, आईच्या श्राद्धापुरता, घरी यायचा. तेवढे चार दिवस घरात माणसाचा आवाज असायचा. बाकीचं वर्ष म्हातारा त्या चार दिवसांच्या आशेवर ढकलायचा.

"घ्याच ती लाइन, अप्पा," नव्या लाइनचा विचार चालला आहे असं ऐकून प्रद्युम्न म्हणाला. "बेस झालं. ह्या वर्षापासून अम्माचं श्राद्धही एथूनच करतों मी. यायला नको."

शास्त्रीबुवांनी चष्मा काढून ठेवला. हरिता समोर हसतमुखाने बसून होती. तिला मराठी कळत नव्हतं, म्हणून तेवढी लाज राहिली. मंत्रातलं एक अक्षर कधी न चुकवणारा माणूस धडधडीत खोटं बोलला.

"आपल्या वीथीत ती लाइन येत नाही म्हणतात रे. तू येच."

त्यांनी कागद सही न करताच हरिताकडे सरकवला. उरलेसुरले यजमान गेले तर गेले. पोरगा तर येईल! स्वतःची लाज वाटत होती, आणि फार दिवसांनी बरंही वाटत होतं.



"सरी, ठीक अप्पा, राहू द्या," प्रद्युम्न मायेने म्हणाला. "ह्या वयात तुम्ही कशास त्रास घेतां? तिरुवैयारूला एक शास्त्री आहेत, त्यांची लाइन कधी तुटत नाही म्हणे. अम्माचं त्यांच्याकडूनच करून घेतों."