खुनी घड्याळवाला

"एवढंच सांग, खुनी कोण?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"बाबा, माझी नोकरी जाईल हो."

"आणि माझा जीव जाईल, त्याचं काय?"

डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते, आणि मालिकेचा शेवटचा भाग रविवारी, म्हणजे पाच दिवसांनी. आठ वर्षांत बाबांनी एक भाग चुकवला नव्हता. मालिकेतल्या मास्तरीणबाईंचा खून जावयाने केला, डॉक्टरणीने की घड्याळवाल्याने, यावरून त्यांनी अख्ख्या शेजाराशी भांडणं काढली होती. आणि पोटची मुलगी त्याच मालिकेची एडिटर!

शेवट तीन चित्रित झाले होते. तीन एडिटर, तीन कुलूपबंद खोल्या, एकमेकांना चकार शब्द विचारायचा नाही. निर्माते, ज्यांना सगळे साहेब म्हणत, तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुझाच खरा. बाकीचे दोन चकवायला." बाहेर फुटलं तर त्याच दिवशी घरी, असं तिने लिहून दिलं होतं. साहेब शब्दाचे कडक. त्यातून गेले आठ दिवस ते सकाळी उशिरा यायचे, धड बोलायचे नाहीत, फोन वाजला की दचकायचे. शेवटच्या भागाने सगळ्यांचाच जीव टांगणीला लावला होता.

तिने वॉर्डभर नजर फिरवली. भेटीची वेळ संपत आली होती. नर्स पार टोकाला होती. पडद्यापलीकडच्या खाटेवरचे आजोबा तेवढे खोकत होते.

ती बाबांच्या कानाशी वाकली. "घड्याळवाला."

"मोठ्याने बोल गं, ऐकू येत नाही."

"घड्याळवाला!"

पलीकडचा खोकला थांबला. तिने चटकन पडद्याकडे पाहिलं.

बाबा मात्र खुलले. "तरी मी म्हणत होतो! दुकानात चाळीस घड्याळं, आणि मेल्याचं एक वेळेवर असेल तर शपथ!" कितीतरी दिवसांनी ते असे हसले होते.

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सातलाच फोन आला. साहेबांनी बोलावलंय, एकटीला, लगेच.

साहेब दाढी न करता, घरातल्या चपला घालून बसले होते.

"कुणाला सांगितलंस?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण जीभ रेटेना. "वडिलांना. ते रविवार बघणार नाहीत, साहेब. कुठे छापून आलं का?"

"कुठेही नाही. पण माझ्या कानावर घड्याळवाला आला, तेव्हाच कळलं, तुझ्याकडून गेलं. तिघांनाही मी तेच सांगितलं होतं, तुझाच खरा. खरा शेवट जावयाचा आहे."

नोकरी गेली हे तिला कळत होतं. पण तोंडून भलतंच निघालं. "अरे देवा! म्हणजे बाबांना मी खोटंच सांगितलं!"

"माझ्याही वडिलांना," साहेब म्हणाले.

"तुमच्या वडिलांना? कधी?"

"पडद्यापलीकडे माझे वडील होते. रोज सकाळी मला विचारायचे, आणि रोज मी म्हणायचो, नियम म्हणजे नियम, रविवारी बघा. आज पहाटे म्हणाले, तू नाही ना सांगितलंस? मला कळलं, घड्याळवाला. हसतच गेले." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तासाभरात सगळे अंत्यविधीला जमतील, मला निघायला हवं."

ती रडू आवरत उठली. "मी राजीनामा लिहून ठेवते."

"राजीनामा नंतर बघू," साहेबांनी खिशातून तिच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "आधी तुझा भाग पूर्ण कर. रविवारी घड्याळवालाच खुनी."