शेजारणीची साक्ष

"खोटं नाही हो डॉक्टरसाहेब, वेडाच आहे तो," नफीसा म्हणाली. पोटच्या पोराबद्दल हा शब्द नऊ वर्षांत तिनं पहिल्यांदा तोंडातून काढला होता.

तिच्या शहातानं भाजीवाल्याला सुरा मारून ठार केलं, यात वाद नव्हताच. मारताना तो भानावर होता का, एवढंच कोर्टाला हवं होतं. त्यासाठी पंचेचाळीस दिवस त्याला कैरोतल्या या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. आज अहवाल जायचा होता. वेडा ठरला तर इथंच राहणार, शहाणा ठरला तर फाशी.

"तो तर म्हणतो, मी ठणठणीत आहे. नीट बोलतो, नीट जेवतो," डॉक्टर माहिर म्हणाले. "आणि मावशी, इथं येणारी प्रत्येक आई हेच सांगते. एखादा कागद? जुन्या डॉक्टरची चिठ्ठी?"

कागद कुठून आणणार? कागद होऊच नये म्हणून तर बाईनं जिवाचं रान केलं होतं. पोराच्या कानात आवाज यायचे. विष घातलंय म्हणून तो ताट भिरकावायचा. ओरडायला लागला की ही रेडिओ मोठा करायची. गल्लीत कुणी विचारलं, तर रात्रपाळी असते, दिवसा झोपतो म्हणायची. घरात लग्नाची पोरगी, दुसरं काय करणार होती? या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. आता तेच तिच्या मुळावर आलं होतं.

"घराबाहेरच्या कुणी त्याला तसं पाहिलंय?"

"सोबत म्हणून उम्म हिल्मी आलीय. बाहेर बसलीय. भिंतीला भिंत आहे आमची." बोलून गेली आणि ती मनात चरकली. उम्म हिल्मीला काय डोंबल ठाऊक असणार?

डॉक्टरांनी दोघींना एकमेकींशी बोलू दिलं नाही. नफीसाला बाहेर बसवलं, शेजारणीला आत घेतलं आणि दार लावलं.

जे कधी मागितलं नव्हतं, ते नफीसा बाकावर बसून मागत होती. अल्ला, एकदा तरी, अगदी एकदाच, माझ्या पोराचं ओरडणं तिच्या कानावर गेलेलं असू दे.

दहा मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरांनी नफीसाकडे न बघता सही केलेला अहवाल शिपायाच्या हाती दिला. उम्म हिल्मी तिच्याजवळ येऊन टेकली.

"काय सांगितलंस गं?"

"घाबरू नकोस. असा समंजस, शहाणा पोरगा अख्ख्या गल्लीत नाही, असं छातीठोक सांगितलं मी." मग इकडंतिकडं बघून ती नफीसाच्या कानाशी वाकली. "अगं, त्याचं ओरडणं नऊ वर्षं ऐकतोय आम्ही सगळे. आजवर तुझ्या घरची अब्रू राखली, ती आज परक्या माणसापुढं घालवीन का मी?"